फोटो वरच्या मजल्यावर गेले

—किल्ली ना? मिळेल की. किल्ली कुठे पळून जातेय! तू आधी आत तर ये. बस इथे, पंख्याखाली. अवनी ना नाव तुझं? श्यामचा फोन आला होता सकाळी — श्याम म्हणजे श्याम पानसे, आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटचा मालक, हल्ली तिकडे मांजरी गावाला राहतो — म्हणाला, काकू, एक मुलगी येईल जागा बघायला, आयटीतली आहे, किल्ली द्या. आणि पुढे काय म्हणाला, सांगू? म्हणाला, ह्या वेळी तरी द्या. आता हे 'ह्या वेळी तरी' मला काही कळलं नाही बाई. मी काय किल्ल्या अडवून बसणारी आहे? घे, पाणी घे. — वर? वर कसला आवाज? खुर्ची ओढल्यासारखा? अगं जुनी बिल्डिंग आहे, बिबवेवाडीतल्या ह्या वयाच्या सगळ्या बिल्डिंगी अशा कुरकुरतात. लक्ष नको देऊस.

एक विचारू? तुझा लॅपटॉप असेल ना — त्याचं नाव काय? कंपनीचं नाही गं, कंपनीचं घेऊन मी काय करू! त्याचं स्वतःचं नाव. असतं, असतं, प्रत्येकाला असतं. ठाऊक नाही? बघ, म्हणजे आयटीतल्या मुलीलाही ठाऊक नाही, आणि आमच्या ह्यांना मात्र अख्खी सोसायटी हसली. नाही, ते नाव माहीत असल्याशिवाय मी वरच्या मजल्यावर कोणाला पाऊल टाकू देणार नाही. का म्हणून काय विचारतेस? सांगते. घाई आहे? नाही ना? मग सांगते.

आमचे हे — धोंडिबा ओव्हाळ, पण सगळे ओव्हाळ साहेबच म्हणतात — पाटबंधारे खात्यात आरेखक होते. आरेखक म्हणजे नकाशे काढणारे. धरणं, कालवे, चाऱ्या. पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं हे कागदावर दाखवण्यात माणसाचा जन्म गेला. आणि रिटायर होऊन निवांत बसले इथे गॅलरीत, पेपर उघडला, तर डोक्यावर पाणी! वरून! कारण वर कोण? पानसेकाकू. यमुनाबाई पानसे, श्यामची आई. नारायण पेठेत सगळं आयुष्य काढून इकडे आलेल्या, म्हणजे जिभेबद्दल वेगळं सांगायला नको. गॅलरीच्या कठड्यावर त्यांच्या कुंड्या — जास्वंद, गोकर्ण, ओवा, पुदिना, काय नव्हतं विचार — आणि त्या कुंड्यांना त्या झारीनं पाणी घालायच्या ते असं, की जणू आग विझवतायत. ते सगळं कुंडीच्या बुडातून निथळून आमच्याकडे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पेपरवर, एकदा तर ह्यांच्या चहात. हे जिना चढून वर गेले. अगदी नम्रपणे म्हणाले, काकू, तुमच्या कुंड्यांचं पाणी खाली येतं. त्या म्हणाल्या, "मग काय वर जाईल? तुम्ही पाटबंधाऱ्यातले ना?"

हस, हस. मीसुद्धा हसले होते — स्वयंपाकघरात जाऊन. पण ह्यांना लागलं ते. आले खाली आणि म्हणाले, सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय मांडतो. तोंडी नाही मांडणार, पुराव्यानिशी मांडतो. आणि त्या दिवसापासून जे फोटो काढायला लागले! काकू झारी घेऊन आल्या की हे फोन घेऊन बाहेर. कठड्यावर रेलून, मान वर करून, एकदा तर स्टुलावर चढून. थेंब पडताना, थेंब पडल्यावर, थेंब पडायच्या आधी. आणि नुसते फोटो नाहीत हं. आरेखक माणूस! प्रत्येक फोटोवर बोटानं लाल बाण काढायचे. उगमस्थान. प्रवाहाची दिशा. बाधित क्षेत्र — बाधित क्षेत्र म्हणजे माझा परकर. मी म्हटलं, अहो, हा फोटो तुम्ही सभेत दाखवणार? तर म्हणाले, तांत्रिक बाब आहे, त्यात लाजायचं काय.

तर असं करता करता गॅलरीतल्या पाण्याच्या फोटोंनी फोनमधली गॅलरी भरून गेली. फोन म्हणायला लागला, जागा नाही. आणि त्याच फोनमध्ये आमच्या नातीच्या नामकरणाचे फोटो होते, विहारातले. आयुष — आयुष माझा मुलगा, हैदराबादला असतो — त्यानं पैसे मोजून फोटोग्राफर आणला होता, पण त्याच्या फोटोत सगळे नुसते परेडला उभे. खरे फोटो ह्यांचे. पोरगी भन्तेजींच्या चिवराचं टोक धरून ओढतेय आणि ते हसतायत, असा एक होता. तो तर मी रोज बघायचे. म्हणून ह्यांनी आयुषला फोन लावला की बाबा रे, हे सगळे फोटो आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायचेत, ती वायर कुठे असते? वायर घरात होती. पण ती मी पडद्याला बांधली होती, फार छान बसते ती पडद्याला — ते जाऊ दे. आयुष म्हणाला, पप्पा, वायर-बियर सोडा आता. वायरलेस करा. फोनवर फोटो निवडा, शेअर दाबा, आजूबाजूची यंत्रं दिसतील, आपल्या कॉम्प्युटरचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवा. झालं.

झालं म्हणे! ह्यांना ते पटेना. वायर नाही तर फोटो जाणार कुठून? मी म्हटलं, हवेतून जात असतील. तर ह्यांनी उठून पंखा बंद केला. खरं सांगते, बंद केला! वर मला म्हणतात, तू मधून बाजूला हो. मी भाजी निवडत बसले होते फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये, तर माझ्यात फोटो अडकतील ही भीती! मग आपला फोन दोन्ही हातांत धरून, काठोकाठ भरलेला पेला न्यावा तसे हळूहळू कॉम्प्युटरपाशी गेले आणि अगदी टेकवून उभे राहिले. फोनवर नाव आलं — होम पीसी. आयुष म्हणाला, तेच, तेच, दाबा. दाबलं. आता आमचा कॉम्प्युटर तेव्हा झोपलेला. स्क्रीन काळीकुट्ट. मी म्हटलंसुद्धा, अहो, हा तर बंद दिसतोय. तर म्हणाले, तुला नाही कळायचं, ते मागच्या बाजूने जातात. आणि खरंच हं, फोनवर ती गोल रेघ फिरायला लागली, फिरली, फिरली, भाजी निवडून झाली तरी फिरतच होती, आणि शेवटी 'गेले' असं आलं. हे एवढे खूश झाले! मी हयातीत कालव्याला पाणी सुटलेलं बघूनही ह्यांना असं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. आयुष म्हणाला, गेले ना? मग फोनवरचे उडवा आता, जागा होईल. ह्यांनी उडवले. आणि माणूस पक्का सरकारी — फोनमध्ये ती कचऱ्याची टोपली असते ना, उडवलेलं त्यात महिनाभर पडून राहतं, माणसानं पस्तावावं म्हणूनच ठेवलेली सोय ती — तीसुद्धा रिकामी केली. म्हणे, काम अर्धवट नको.

मग पंखा लावला, चहा घेतला, कॉम्प्युटर उठवला — आणि आत काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. सगळे कप्पे उघडले. जुनी वीजबिलं सापडली, आयुषचा बारावीचा निकाल सापडला, फोटो नाहीत. आयुषला पुन्हा फोन. तो म्हणतो, पप्पा, पण गेले असं आलं होतं ना? हे म्हणतात, गेले तर खरेच, पण पोचले कुठे?

तुला गंमत वाटते. वाटणारच. पण त्या दिवशी हे जेवले नाहीत. नातीचा तो फोटो मी मागितला नाही, तरी मलाच सारखं सॉरी म्हणत होते — लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द ह्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत जाऊन बसले. वरून काकूंनी पाणी घातलं. थेंब पडला ह्यांच्या डोक्यावर, मग अजून एक, कपाळावरून ओघळून चष्म्यावर आला — आणि ह्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात श्याम. चेहरा असा की हसावं का भांडावं ह्याचा निर्णय अजून झालेला नाही. ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, पायाचा अंगठा बरा आहे का आता?" हे गार! कारण अंगठा सुजला होता तेव्हा डॉक्टरांना पाठवायला म्हणून त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले होते, आणि डॉक्टर सोडून जगात कोणाला तो अंगठा ठाऊक नव्हता. मी विचारलं, तुला रे कसं कळलं? म्हणाला, काकू, तुमचे सगळे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर आलेत.

काय झालं होतं, आता येईल तुझ्या लक्षात. दोन्ही घरचे कॉम्प्युटर मार्केट यार्डाजवळच्या एकाच दुकानदारानं बसवलेले. त्या शहाण्यानं दोघांचंही नाव ठेवलं होम पीसी. आमचा झोपलेला, वरचा जागा. आणि वरच्यासमोर बसलेल्या कोण? तर काकू, पत्ते खेळत. श्याम त्यांना पत्ते लावून देऊन कामाला जायचा आणि सांगून जायचा, आई, मध्येच काही आलं तर निळं बटण दाब, जातं ते. तर मध्येच ओव्हाळ आले, काकूंनी निळं बटण दाबलं, आणि जायच्या ऐवजी सगळं आत आलं!

आत म्हणजे सगळंच. अंगठा, नात, माझा परकर. मी केसांना मेंदी लावून बसलेली असताना ह्यांनी चोरून काढलेला — तो तर मलाच माहीत नव्हता, असे माझे चोरून काढलेले बरेच निघाले, एका फोटोत तर मी नुसती खिडकीशी उभी आहे, बाकी काहीच नाही — म्हणजे, तो विषय वेगळा. काय सांगत होते? हां, पुरावा. तोही सगळा तिथेच. आरोपीच्या घरात! श्याम म्हणाला, आईनं सगळे बघितलेत, एकेक करून, आणि तुम्हाला वर बोलावलंय. हे शर्ट बदलून गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं जीव गेला तर साक्षीदार असावा.

काकू खुर्चीत. समोर स्क्रीनवर त्याच, झारी घेऊन वाकलेल्या, सकाळचं ऊन आहे, नुकतंच न्हाऊन केस मोकळे सोडलेत. आणि एक लाल बाण कुंडीतून निघून थेट त्यांच्या नाकावरून गेलेला. मग काकू म्हणाल्या, "ओव्हाळ, हा बाण माझ्या नाकातून का गेलाय?" हे म्हणाले, "उगमस्थान दाखवायचं होतं." म्हणाल्या, "उगम कुंडीत आहे. नाक माझं आहे. ते पुसा." आणि मग स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या, "बाकी मी बरी दिसते." अगं, हे गेल्यावर — म्हणजे श्यामचे वडील गेल्यावर — त्यांचा एकटीचा फोटो कोणी काढलाच नव्हता. श्याम फोटो काढतो ते हॉटेलातल्या ताटांचे. आणि इथे बघावं तर त्याच त्या, उन्हात, पावसात, स्वेटरमध्ये, वर्षभराच्या.

फोटो परत दिले त्यांनी, पण अटीवर. त्यांच्या फोटोंवरचे सगळे बाण पुसून द्यायचे. आणि परत द्यायचे तेही वायरलेसच, कारण श्यामलाही वायर सापडेना, त्यांच्याकडेही कोणीतरी पडदे बांधत असणार. तो वर, हे खाली. वायरलेस कसलं, सगळा कारभार गॅलरीतून ओरडून! "काका, पाठवला, आला का?" — "नाही आला!" — "आता?" — "अरे, विचारतोय, घेऊ का?" — "घ्या, घ्या!" — "आली रे, नात आली!" समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडक्यांत. कोणीतरी खालून विचारलंसुद्धा, ओव्हाळ साहेब, कोण आलं म्हणून.

आणि तेव्हापासून सगळं चक्रच उलटं फिरलं बघ. रोज सकाळी काकू गॅलरीत यायच्या, पण ठेवणीतलं लुगडं नेसून! वरून हाक मारायच्या, "ओव्हाळ, पाणी घालते हो!" की हे चहा टाकून बाहेर. "काकू, जरा डावीकडे. झारी खाली घ्या. हां, आता ओता." आणि ओतलेलं सगळं ह्यांच्या तोंडावर. भिजून आत यायचे आणि मला दाखवायचे, बघ, प्रकाश काय आलाय! वार्षिक सभेत सेक्रेटरींनी विचारलं, ओव्हाळ साहेब, तुमचा गळतीचा विषय? हे म्हणाले, मागे घेतो. तर काकू उठून उभ्या राहिल्या, "मागे का घेता? फोटो दाखवणार होतात ना सगळ्यांना?" दाखवले मग. भिंतीवर, मोठे करून. सेक्रेटरी म्हणाले, फार सुंदर, पण ठराव काय करायचा?

मग गुडघे गेले काकूंचे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, तुला सांगितलं असेलच श्यामनं. नाही सांगितलं? मी सांगितलं असं म्हणू नकोस. तर श्यामनं मांजरीला घेतला फ्लॅट, लिफ्ट आहे, पुढे उसाची शेतं दिसतात म्हणे, पण गॅलरीला काच आहे आणि बाहेर कुंडी टांगायला बंदी. काकू गेल्या, कुंड्या राहिल्या इथे. जाताना ह्यांना म्हणाल्या, ओव्हाळ, पाणी घाला. हे रोज घालतात. पण संध्याकाळी काकूंचा फोन, घातलं का? घातलं म्हटलं की विचारतात, "पुरावा?" आता आहे का! झाडाचा फोटो पाठवला तर म्हणतात, हा कालचा कशावरून नसेल? थेंब पडताना दाखवा. आणि तो थेंब तर दिसतो इथून, आमच्या गॅलरीतून. वर घालून धावत खाली येईपर्यंत निथळून संपतं, ह्या वयात जिन्यावरून पडायचे एखाद्या दिवशी, म्हणून मग वर कोणीतरी ओतायला लागतं ना — म्हणजे मीच ओतते. हो, मीच. हसायला काय झालं? परकर माझे, पाणीही माझ्याच हातचं. सवय झालीय. एक दिवस पाहुणे आले म्हणून राहिलं, तर गॅलरी नुसती कोरडी ठणठणीत, आणि हे आपले वर बघत बसलेले.

— आता आला तो आवाज? हो, मला पण आला. बरं, सांगते, वर हेच आहेत. किल्ली त्यांच्याकडेच आहे. दुपारी जाऊन बसतात तिथे, काकूंची खुर्ची आहे ना एक, पानं पुसतात, माती हलवतात. म्हणून तर तुला बसवून घेतलं. त्यांना कळलं की कोणी जागा बघायला आलंय, की चेहरा पडतो. तुझ्या आधी येऊन गेले पुष्कळ. एक जोडपं म्हणालं कुंड्या काढून टाका, तिथे वॉशिंग मशीन लावू. त्यांना मी सांगितलं, वर भूत आहे. एकानं विचारलं, पाण्याचा त्रास आहे का? म्हटलं, आहे. तुझ्याशी मात्र खरं बोलतेय बघ. तू शांत आहेस, ऐकून घेतेस, मध्येच फोनमध्ये नाही बघितलंस. मला आवडलीस तू. ह्यांनाही आवडशील. किती दिवस मी असं जिने चढू? कोणीतरी वर यायला तर हवंच, श्यामचंही नुकसान होतं. मग सांग, झाडांना पाणी घालशील ना रोज? घालशील! आवड आहे? अगं बाई, घरी पण बाग होती? छान, छान, मग तर प्रश्नच मिटला, थांब, मी ह्यांना हाक मारते, अहो —

काय म्हणालीस? कशाखाली?

कुंड्यांखाली ताटल्या ठेवशील. प्रत्येक कुंडीखाली. आणि बाटलीनं मोजून घालशील. म्हणजे आम्हाला अजिबात त्रास नाही, एक थेंबसुद्धा खाली येणार नाही.

हं.

नाही, नाही, विचार चांगलाच आहे तुझा. संस्कार दिसतात. पण ऊठ आता. किल्ली? किल्लीचं काय गं, ती सापडत नाहीये. श्यामला मी सांगते काय सांगायचं ते. तू कोंढव्याकडे बघ, नव्या बिल्डिंगी आहेत, लिफ्ट आहे, सगळं कोरडं आहे. जा, ऊन आहे तोवर जा. दार ओढून घे जाताना.